हृदयाची साक्ष : मिसरी मृतग्रंथाचे एक वाचन

पवित्र शास्त्रातील पहिले पुस्तक सृष्टीच्या निर्मितीने सुरू होते आणि मिसर देशातील एका शवपेटीने संपते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात आली असेल. याकोब मरण पावला तेव्हा योसेफाने वैद्यांकरवी पित्याच्या देहात मसाले भरवले. त्या कामास चाळीस दिवस लागले, आणि मिसरी लोकांनी त्याच्यासाठी सत्तर दिवस शोक केला. पुढे योसेफही वारला. त्याच्याही देहात मसाले भरण्यात आले, त्याला पेटीत ठेवण्यात आले, आणि उत्पत्तीचा ग्रंथ तेथेच थांबला. मात्र त्या पेटीतला योसेफ मिसरात कायमचा राहण्यासाठी ठेवलेला नव्हता. आपल्या अस्थी येथून घेऊन जाण्याची शपथ त्याने आपल्या लोकांकडून घेतली होती, आणि निघण्याच्या रात्री मोशेने त्या घेतल्याही. मसाले तेच, पेटी तीच. त्यामागची आशा मात्र निराळी. म्हणून केवळ ममीकडे पाहून मिसरी माणसाची श्रद्धा कळेल, असे आम्हांस वाटत नाही.

तरीही लोकांचे लक्ष ममीकडेच जाते. २०१२ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचे ममीविषयक प्रदर्शन भरले आणि ते २०१३ च्या मार्चपर्यंत चालले. कर्नाकच्या देवळातील नेस्पेरेन्नुब नावाचा पुजारी त्या प्रदर्शनाचा नायक होता. इ.स.पू. ८०० च्या सुमारास वारलेल्या या माणसाच्या पट्ट्या न सोडता आधुनिक यंत्रांनी त्याचे अंतरंग पडद्यावर दाखवले गेले. त्याच्या डोक्याला मातीचा एक ओबडधोबड वाडगा चिकटलेला आढळला. मसाले भरणाऱ्या कारागिरांनी राळ सांडू नये म्हणून तो ठेवला असावा. राळ वाळली, वाडगा निघेना, तेव्हा त्यांनी वरून पट्ट्या गुंडाळून काम उरकले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. अठ्ठावीसशे वर्षे ही लबाडी कोणास कळली नाही. ज्यांनी कारखान्यात माल तपासला आहे, अशा आमच्या कासारवाडीच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

देहाचा प्रश्न आम्ही येथेच सोडतो. आपल्यापुरता तो मिटला आहे. ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनावरील बंदी शिथिल केली, आणि २०१६ च्या सूचनापत्रात अस्थिरक्षा पवित्र जागी ठेवाव्यात असे सांगितले. पुनरुत्थान देहाच्या टिकाऊपणावर अवलंबून नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मिसरी माणसाचे तसे नव्हते. पण त्याने देहासोबत शब्दही ठेवले, आणि आम्हांस त्या शब्दांविषयी बोलावयाचे आहे.

या शब्दांना आज ‘मृतांचे पुस्तक’ म्हणतात. हे नाव जर्मन पंडित लेप्सियस याने १८४२ साली रूढ केले. खुद्द मिसरी लोक त्याला दिवसाउजेडी बाहेर पडण्याचे मंत्र अशा अर्थाने ओळखत, आणि आम्हांस ते नाव अधिक आवडते. कारण त्यात मरणाचा नव्हे, उजेडाचा उल्लेख आहे. वस्तुतः हे एक पुस्तक नव्हेच. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये इ.स.पू. २३५० च्या सुमारास भिंतींवर मंत्र कोरले गेले, ते केवळ राजासाठी. नंतर असे मंत्र सरदार-अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले. इ.स.पू. १५५० नंतर ते पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहिले जाऊ लागले, आणि ज्याला परवडेल त्याला विकत मिळू लागले. परलोक राजवाड्यातून खाली उतरला खरा, पण तो बाजारापर्यंत येऊन थांबला. अशा गुंडाळीची किंमत मजुराच्या अर्ध्या वर्षाच्या कमाईइतकी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

लेखनिक आनी याची गुंडाळी सर्वांत प्रसिद्ध आहे. ती इ.स.पू. १२५० च्या सुमाराची, जवळजवळ चोवीस मीटर लांबीची असून १८८८ साली वॉलिस बज याने ती ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवली व पुढे कापून तिचे सदतीस तुकडे केले. या गुंडाळीचे बरेचसे भाग आधीच तयार करून ठेवलेले होते आणि नावाच्या जागा कोऱ्या होत्या. गिऱ्हाईक मिळाल्यावर तेथे आनीचे नाव भरले गेले. म्हणजे मनुष्य देवापुढे जी कैफियत मांडणार, ती छापील अर्जासारखी तयार होती! हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

या ग्रंथाचा कळस म्हणजे १२५ वा मंत्र. मृत मनुष्य सत्याच्या दालनात येतो. मध्यभागी तराजू असतो. एका पारड्यात त्याचे हृदय, दुसऱ्यात मातचे पीस. मात म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची घडी, हे सर्व एकत्र. आपल्याकडील ‘ऋत’ हा जुना शब्द तिच्या जवळपास जातो. कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस काटा पाहतो आणि थोत निकाल लिहून घेतो. शेजारी मगरीचे तोंड, सिंहाची छाती आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित बसलेली असते. हृदय जड ठरले तर ते ती खाणार, आणि मग तो मनुष्य कायमचा नाहीसा होणार. नरकयातनांची वर्णने आपण लहानपणी ऐकली आहेत. पण नाहीसे होण्याची ही भीती आम्हांस अधिक थंड आणि अधिक खोल वाटते.

तेथे मृत मनुष्य ४२ न्यायाधीशांपुढे एकेक पाप नाकारतो. वाङ्मय म्हणून पाहिले तर ही यादी कंटाळवाणी आहे. तीच तीच वाक्यरचना, मधूनमधून पाठ केल्याप्रमाणे उच्चारलेली न्यायाधीशांची विचित्र नावे. आणि पुढे तर दालनाचा उंबरठा आणि दाराचा अडसरही आपले नाव विचारतो व ते सांगितल्यावाचून आत सोडत नाही. पहिल्या पाळीला गेटवर पास विसरलेल्या कामगाराची आठवण व्हावी, असा हा प्रसंग आहे. परंतु त्या रुक्ष यादीत अशी काही कलमे आहेत की वाचताना आपण थबकतो. आपण कोणाला रडवले नाही, असे तो सांगतो. तराजूच्या वजनात काही घातले नाही, लेकरांच्या तोंडचे दूध काढून घेतले नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, मालकापाशी चाकराची चुगली केली नाही. आणि एके ठिकाणी तो असेही सांगतो की दिवसाच्या आरंभी ठरलेल्याहून अधिक काम आपण कोणाकडून करून घेतले नाही. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ओव्हरटाइमचा प्रश्न देवाच्या न्यायासनापुढे नेणाऱ्या या संस्कृतीला निव्वळ मूर्तिपूजक म्हणून हातावेगळे करता येणार नाही.

याच मंत्रात पुढे तो म्हणतो की भुकेल्याला आपण भाकर दिली, तहानेल्याला पाणी दिले, उघड्याला वस्त्र दिले आणि नाव नसलेल्याला नदीपार नेले. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय ज्यांच्या कानावर वर्षानुवर्षे पडला आहे, त्यांना येथे दचकल्यासारखे होईल. कोणी कोणापासून घेतले हा वाद आम्ही घालत नाही. भूक, तहान आणि उघडेपणा मिसरात होता तसाच गालीलातही होता. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो दोन्हींतला फरक. मिसरी मनुष्य आपली सत्कृत्ये स्वतः मोजून सांगतो. मत्तयमध्ये उजवीकडचे लोक गोंधळून जातात. प्रभो, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांना आपल्या चांगुलपणाचा पत्ताच नाही. एकीकडे हिशेब ठेवणारा धर्म आहे आणि दुसरीकडे हिशेब विसरलेली माणसे आहेत. मृतग्रंथाच्या कर्त्यांना नीती ठाऊक होती, याविषयी आम्हांस शंका नाही. मात्र ती नीती स्वतःच्या तोंडून वदवण्याची त्यांना घाई झाली.

ही घाई का, याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. अभ्यासक त्याला ३०ब असा क्रमांक देतात. हा मंत्र शेणकिड्याच्या आकाराच्या दगडी ताइतावर कोरून प्रेताच्या छातीवर ठेवीत. तो हृदयाला उद्देशून आहे, आणि हृदयाने न्यायासनापुढे आपल्याविरुद्ध उभे राहू नये, तराजूवाल्यासमोर आपल्यावर उलटू नये, अशी त्यात विनवणी आहे. म्हणजे १२५ व्या मंत्रात मनुष्य निर्दोष असल्याचे शपथेवर सांगतो, आणि ३०ब मध्ये ज्या एका साक्षीदाराला खरे ठाऊक आहे त्याच्या तोंडावर हात ठेवतो. या ग्रंथाचा मोठेपणा आणि त्याचा दोष येथे समोरासमोर आले आहेत. काही अभ्यासक या मंत्राची बाजू घेतात. मनुष्य घाबरलेला आहे, त्याच्या भीतीची ही भाषा आहे, असे ते म्हणतात. आम्हांसही त्याची दया येते. पण भीती ज्या क्षणी ताईत होऊन दुकानात विकली जाते, त्या क्षणी ती निव्वळ भीती राहत नाही. पापनिवेदनाच्या पिंजऱ्याशी गुडघे टेकणाऱ्या माणसाचे हृदयही घाबरलेले असते. फरक एवढाच की तेथे त्याला बोलावे लागते.

विकत घेण्याची ही वृत्ती परलोकातील श्रमापर्यंत गेली आहे. ओसिरिसच्या राज्यात इआरूची शेते आहेत, तेथे गहू माणसाहून उंच वाढतो, पण तो कापावा लागतो. मिसरी कल्पनेत चिरविश्रांती नव्हती. तेथेही नांगरणी होती, पाणी देणे होते, वाळू वाहणे होते. श्रीमंतांनी यावर तोड काढली. उशब्ती नावाच्या छोट्या बाहुल्या कबरीत ठेवीत, आणि सहावा मंत्र असा की धन्याला कामाला बोलावले की बाहुलीने त्याच्या जागी हजर असल्याचे सांगावे. आमच्या पट्ट्यात याला बदली कामगार म्हणतात. पुढे पुढे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ बाहुल्या आणि दर दहांवर चाबूकधारी मुकादम अशा ३६ आणखी, मिळून ४०१ चा ताफा ठेवण्याची रीत पडली. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीत ४१३ निघाल्या. स्वर्गाची कल्पना करतानाही ज्यांना मुकादमाचा चाबूक गळून पडलेला दिसला नाही, त्यांची कल्पनाशक्ती आम्हांस येथे तोकडी वाटते.

मग ही थडगी ज्यांनी खोदली, त्यांचे काय? लक्झोरच्या पश्चिम तीरावर देर-एल-मदिना नावाचे कामगारांचे गाव होते. राजांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे लोक तेथे पिढ्यान्पिढ्या राहत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १२ व्या शतकाच्या मध्यास, त्यांचा धान्यरूपी पगार थकला. महिन्याचे १८ दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत, असे सांगत ते काम सोडून निघाले आणि एका देवळामागे जाऊन बसले. तुरीनच्या संग्रहालयातील पपायरसवर याची नोंद आहे, आणि लेखी पुरावा असलेला हा जगातील सर्वांत जुना संप मानला जातो. दिवसाच्या आरंभी ठरलेल्याहून अधिक काम घेतले नाही असे सांगणाऱ्या संस्कृतीत ठरलेली मजुरी वेळेवर मिळाली नाही, ही विसंगती मृतग्रंथात कोठेही उमटलेली नाही. ती हजेरीच्या आणि हिशेबाच्या कागदांत उमटली.

त्याच गावातील सेन्नेजेम या कारागिराची कबर १८८६ मध्ये अभंग सापडली. तिच्या भिंतीवर इआरूची शेते आहेत आणि सेन्नेजेम व त्याची बायको स्वतः नांगर धरून, पेरणी-कापणी करताना दाखवली आहेत. अंगावर पांढरेशुभ्र सणाचे कपडे! त्याच्या कबरीत बाहुल्या नव्हत्या असे नाही; भिंतीवर मात्र त्याने बदली पाठवला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कबरी सजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातचे काम स्वर्गातही हवेसे वाटले. आनीच्या सगळ्या गुंडाळीपेक्षा ही एक भिंत आम्हांस अधिक खरी वाटते.

येथे वाचक विचारतील की इतक्या दूरच्या देशाची ही उठाठेव कशाला? मरणाचे शब्दांशी काय नाते आहे, हे आपल्याच जिल्ह्यातील एका जागी उलट बाजूने पाहता येते म्हणून. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकरी तेथे राहत होते आणि आपल्या माणसांना ते घराच्या जमिनीखालीच पुरीत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून आडवे निजवीत, आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृत माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून हे केले असावे, असा अर्थ लावला जातो. मुलांचे जोडरांजण गर्भाशयासारखे आहेत, असेही सुचवले गेले आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला निघाला. शेजारी धान्याचे कोठार होते. हा गावचा प्रमुख असावा. त्याचे पाय शाबूत होते.

इनामगावात एक अक्षरही सापडत नाही. भीती होती की माया, हे तोडलेले पाय सांगत नाहीत. ते आपण सांगतो. मृताने जाऊ नये असे वाटणे म्हणजे भुताची धास्ती की आईची ओढ? विद्वानांचे तर्क आम्ही आदराने वाचतो, तरी बाळाच्या रांजणाजवळ ठेवलेली भांडी पाहून आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. पण हा कलच आहे. जेथे मृत बोलत नाहीत, तेथे जिवंत त्यांच्या वतीने बोलू लागतात, आणि मग सावध राहावे लागते.

ही सावधगिरी आपण स्वतःच्या घरी बाळगतो काय? कासारवाडी, पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात आलेली ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या गावांहून आली. नगर आणि जालन्याकडची मराठी घराणी आहेत, वसईची आहेत, गोव्या-मंगळुराकडचीही आहेत. कोणी आपले माणूस गावी नेऊन पुरतात, कोणी येथेच. दोन्हीकडे मिस्सा संपली की कोणी ना कोणी उठून बोलतो, आणि महिन्याभरात एखाद्या धर्मग्रामाच्या पत्रिकेत मृत्युलेख येतो. मृत मनुष्य प्रेमळ होता, कष्टाळू होता, प्रार्थनाशील होता, कोणाला दुखवणारा नव्हता, त्याच्या दारातून कोणी विन्मुख गेला नाही. असे शेकडो लेख आम्ही वाचले आहेत. नाव खोडून दुसरे घातले तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही. आनीच्या गुंडाळीतील कोरी जागा ती हीच.

मिस्साच्या नियमांत अंत्यविधीच्या प्रवचनात मृताचे स्तुतिपर भाषण नसावे असे स्पष्ट म्हटले आहे. अनेकांना हा नियम कठोर वाटतो. परंतु त्याचे कारण वाङ्मयीनही आहे. ख्रिस्तसभेची मृतासाठीची प्रार्थना त्याची पुण्ये मोजून सांगत नाही, ती दया मागते. आणि जो दया मागतो त्याला खोटे बोलण्याची गरज उरत नाही. आपण मात्र चर्चच्या पायऱ्या उतरताच १२५ वा मंत्र म्हणू लागतो, आणि ज्यांना खरे ठाऊक आहे त्या घरच्यांच्या तोंडावर ३०ब चा ताईत ठेवतो. दारूने ज्याचे घर पोखरले त्याच्याही लेखात तो आदर्श पती असतो. त्याच्या मुलांनी ते छापील पान वाचायचे, आणि आपले स्मरण खोटे होते काय असे स्वतःला विचारायचे. मृताला याने काही लाभत नाही. जिवंतांचे मात्र नुकसान होते.

उघडी निंदा लिहा, असे आम्ही म्हणत नाही. वेगळ्या प्रकारे खरे लिहिता येते, आणि त्याचा नमुनाही त्या कामगारांच्याच गावात आहे. आनीच्या गुंडाळीच्या सुमारासच, दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षी, देर-एल-मदिनाच्या कोणा लेखनिकाने चुनखडीच्या एका मोठ्या चिपेवर गैरहजेरीची नोंद ठेवली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चाळीस कामगारांची नावे, त्यांपुढे दिवस, आणि वर तांबड्या शाईत कारण. एकाचे डोळे आले होते. एकाला विंचू चावला. एक बिअर गाळीत होता. आणि एक जण कामावर आला नाही, कारण त्या दिवशी तो आपल्या आईच्या देहाला पट्ट्या गुंडाळीत होता.